सेल्फ आणि डेल्को

डिसेंबरातला शनिवार, सकाळचे साडेसात. सोलापुरात विजापूर रोडला काकांच्या घरासमोर आम्ही सगळे नटूनथटून उभे. चुलत बहिणीचा साखरपुडा बार्शीला, मुहूर्त अकराचा. काकांनी त्यांच्या पद्मिनीची चावी फिरवली. रुंव-रुंव-रुंव-रुंव... आणि गप्प. परत चावी, परत रुंव-रुंव, परत गप्प.

"सेल्फ तर मस्त मारायलाय की बे. मग चालू का होईना?" काका.

काकूंनी घड्याळाकडं बघितलं. "मी कधीची सांगतेय, विकून टाका ते धूड."

इथं थोडी पार्श्वभूमी. गाडी १९९१ ची, प्रीमियर पद्मिनी, नंबर एमएच १३ चा. जिचा साखरपुडा होता तिला दवाखान्यातून घरी आणलं ते याच गाडीतून, त्यामुळं साखरपुड्यालाही याच गाडीतून न्यायचं असा काकांचा हट्ट. पण गाडीचं परत पासिंग करायची वेळ जवळ आलेली. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीच्या पासिंगची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून एकदम ५००० झाली, २०२५ मध्ये जुन्या गाड्यांसाठी ती आणखी वाढली. वर टायर, बॅटरी, बॉडीचं काम. घरात त्यावरून महिनाभर धुसफूस चालू होती. शेवटी काका वैतागून म्हणाले, "बास. आज चालू झाली नाही तर सोमवारी भंगारवाल्याला फोन करतो."

आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. कारण काय, तर घरात इंजिनिअर मी. (कॉम्प्युटरचा का असेना.)

तर मंडळी, आजचा लेख त्या रुंव-रुंवबद्दल. सेल्फ मारतोय पण गाडी पकडत नाही, या दुखण्याला इतका मोठा इतिहास असेल असं मला त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

'सेल्फ' हा शब्द आला कुठून?

आपण गाडीच्या स्टार्टरला 'सेल्फ' म्हणतो. गॅरेजमध्ये कुणीही 'स्टार्टर मोटर' म्हणत नाही. 'सेल्फ गेलाय', 'सेल्फ मारून बघ', असंच. हा शब्द सेल्फ-स्टार्टर मधला अर्धा तुकडा आहे आणि त्याला शंभरावर वर्षं झालीत.

त्याआधी गाडी सुरू करायची म्हणजे पुढं जाऊन हँडल मारायचं. जुन्या ट्रकचा क्लीनर पुढं वाकून हँडल मारतोय हे दृश्य आपल्या वडिलांच्या पिढीनं तरी बघितलेलं असतं. यात धोका असा की ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल उलटं फिरतं. मनगटं मोडायची. म्हणून शिकवायचे की हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेव, भोवती आवळू नको. म्हणजे झटका बसला तर हात सुटून येतो.

यावर उपाय काढला अमेरिकेतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगनं. हा माणूस आधी गल्ल्याची यंत्रं, म्हणजे कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत होता आणि तिथं त्यानं गल्ला विजेवर चालवणारी छोटी मोटर बनवली होती. त्यातून त्याच्या डोक्यात बसलं की मोटर दिवसभर चालवायची नसेल, फक्त काही सेकंद जोर लावायचा असेल, तर ती लहान असली तरी भागतं. गाडी सुरू करायला नेमकं तेवढंच हवं असतं. १९१२ च्या कॅडिलॅक मॉडेलमध्ये त्याचा सेल्फ-स्टार्टर बसला आणि काही वर्षांत हँडल मागं पडत गेलं.

आता गंमत बघा. हँडल होतं तेव्हा 'फिरतंय' आणि 'पेटतंय' या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातात होत्या. हँडल मारणाऱ्याला हातालाच कळायचं की दट्ट्याखाली हवा दाबली जातेय की नाही. घट्ट लागलं म्हणजे कॉम्प्रेशन आहे, सैल गेलं म्हणजे व्हॉल्व्ह किंवा रिंगा गेल्या. सेल्फ आल्यावर हे हाताचं ज्ञान संपलं आणि उरला तो कान.

कानाला बरंच कळतं पण. नुसतं 'टक्' झालं आणि काहीच फिरलं नाही, तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा खुद्द सेल्फ. हळूहळू कण्हत फिरलं तर बहुतेक बॅटरी उतरलीय. एका लयीत रुंव-रुंव-रुंव असं जोरात फिरलं, तर बॅटरीही ठीक आणि सेल्फही ठीक. लय आहे म्हणजे चारही सिलिंडर आळीपाळीनं हवा दाबतायत, त्यामुळं कॉम्प्रेशनही साधारण ठीक. आणि लय नसून नुसतंच भर्रर्र फिरलं, तर आतला टायमिंगचा पट्टा तुटल्याची शंका घ्यायची आणि परत चावी फिरवायची नाही, कारण काही इंजिनांमध्ये दट्ट्या व्हॉल्व्हवर आदळून हजारोंचं नुकसान होतं.

आमच्या पद्मिनीला लय होती. म्हणजे अर्धा प्रश्न काकांच्या पहिल्याच वाक्यात सुटला होता. फक्त मला ते कळलं नव्हतं.

टोपीची पिन आणि मोज्याचा पट्टा

पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, दाब आणि ठिणगी. चारही हव्यात आणि त्याही योग्य वेळी. ऑटोनं चार स्ट्रोकचं इंजिन १८७६ मध्ये केलं, तेव्हापासून यात काही बदल नाही.

रस्त्यात बंद पडलेल्या मोटारीचं निदान पहिल्यांदा कुणी केलं? सगळ्यात जुनी माहीत असलेली गोष्ट बर्था बेंझची. नवऱ्यानं, म्हणजे कार्ल बेंझनं, १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं, पण गाडी विकायला त्याचा धीर होईना. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न विचारता, मानहाइमहून माहेरी फॉर्त्सहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटर. इंधन संपलं तेव्हा वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं. पुढं इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीची वायर उघडी पडली होती, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला.

म्हणजे एक बिघाड पेट्रोलचा आणि एक ठिणगीचा. आजही गाडी रुंव-रुंव करून पकडत नसेल तर पहिले दोन संशयित हेच. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांत फक्त हत्यारं बदलली.

मी काय केलं (म्हणजे काय करू नये)

मी मोबाइल काढला आणि वाचायला लागलो. फ्युएल पंप असू शकतो, कार्ब्युरेटर असू शकतो, कॉइल, कंडेन्सर, प्लग... यादी वाढत गेली. मग मी एकेक करून सुरू केलं. आधी चोक ओढून सेल्फ मारला. मग ॲक्सिलरेटर दाबून दाबून मारला. मग दोन्ही. पाच मिनिटांत बॉनेटखालून पेट्रोलचा भपका यायला लागला. 'ओव्हरफ्लो' म्हणतात तो प्रकार. आत इतकं पेट्रोल गेलं की प्लग भिजले. म्हणजे आधीचा बिघाड होताच, त्यात मी माझा एक घातला :-)

एक प्लग खोलून बघितला, ओलाचिंब. आता खरं तर इथं थांबून विचार करायला हवा होता. प्लग पेट्रोलनं भिजलाय म्हणजे पेट्रोल येतंय. टाकी, नळी, पंप, कार्ब्युरेटर हे सगळे एका फटक्यात यादीतून बाद. राहिली ती ठिणगी. ऑफिसमध्ये आम्ही हेच करतो, प्रॉब्लेम मधोमध कापायचा आणि निम्मा फेकून द्यायचा. पण समोर काकू घड्याळ बघत उभ्या असल्या की डोकं चालत नाही.

काकांनी मिस्त्रींना फोन लावला. "अर्ध्या तासात येतो मालक," ते म्हणाले. बहिणीचा भावी सासरा तेवढ्यात फोन करून "निघालात का?" विचारून गेला. काकांनी "निघालोच" म्हणून सांगितलं.

मिस्त्री येईपर्यंत ही गाडी आली कुठून ते सांगतो. कारण ते सोलापूरपासूनच सुरू होतं.

सोलापूरचा माणूस, कुर्ल्याची गाडी

सोलापुरात वालचंद हे नाव कॉलेजांच्या पाट्यांवर रोज दिसतं, म्हणून माणूस विसरायला होतं. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२, सोलापूर. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यात मन लागेना म्हणून लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घ्यायला लागले. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून. (आम्हाला त्या दिवशी जायचं होतं ती बार्शी.) पुढं १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनी, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, मग विशाखापट्टणमला जहाजबांधणी. आणि या सगळ्याच्या मधे मोटार.

तेव्हा हिंदुस्थानात मोटारी होत्या, पण त्या इथं फक्त जोडल्या जायच्या. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत परदेशातून आलेले सुटे भाग जोडत होती. मोटार इथं बनली पाहिजे हा आग्रह विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात धरला, योजना तयार केली, आणि वालचंदांनी ती उचलली. ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत. क्रायस्लरशी १९४० मध्ये करार झाला. भांडवल उभं करायची तयारी होती, तंत्रज्ञान देणारा मिळाला होता, म्हैसूर संस्थान मदतीला उत्सुक होतं. पण महायुद्ध सुरू झालेलं आणि इंग्रज सरकारनं हा कारखाना युद्धासाठी गरजेचा मानायला नकार दिला. त्या काळात सरकारचा पाठिंबा नाही म्हणजे यंत्रं आणायला परकीय चलनही नाही.

सेल्फ मारतोय पण गाडी पकडत नाही, ती ही अशी. चार गोष्टींपैकी तीन असून भागत नाही.

शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या आणि ट्रक जोडून बाहेर पडायला लागले. नंतर फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनं ठरवलं की ज्यांना गाडी इथं बनवायची नाही, नुसती जोडायची आहे, त्यांनी जावं. जनरल मोटर्स गेली, प्रीमियर राहिली. १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० यायला लागली. वालचंदांनी ती बघितली नाही, ते १९५३ च्या एप्रिलमध्ये गेले.

१९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. मूळ इटलीतलं मॉडेल १९६२ चं. इटलीत ते १९६६ ला बंद झालं, इथं चालूच राहिलं. फियाटचा परवाना संपल्यावर नाव झालं प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसी, चार सिलिंडरचं. लायसन्स राजमध्ये नवीन मॉडेल आणणं अवघड आणि आणायची गरजही नव्हती, कारण जी आहे तिलाच वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट. १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा कुठं हे चित्र हललं. पद्मिनीचं उत्पादन थांबलं २००० सालाच्या आसपास.

ग्राहकाच्या दृष्टीनं हा काळ चांगला नव्हता. पैसे भरून वर्षानुवर्षं थांबायचं आणि मिळणार काय, तर वीस-तीस वर्षांपूर्वीचं डिझाइन. पण याचा एक परिणाम कुणी ठरवून केलेला नव्हता. सगळ्या देशात तीन-चारच प्रकारच्या गाड्या आणि त्याही चाळीस वर्षं त्याच. त्यामुळं मिस्त्रींच्या पिढ्या एकाच इंजिनावर तयार झाल्या. उस्तादानं शिकवलेलं चेल्याच्या म्हातारपणापर्यंत उपयोगी पडत राहिलं. मला ऑफिसात तीन वर्षांपूर्वी शिकलेलं आज चालत नाही, त्यामुळं मला याचा थोडा हेवाच वाटतो.

"काल काय केलं गाडीला?"

मिस्त्री आले. वय सत्तरीच्या पुढं. तरुणपणी मुंबईत होते, कुर्ल्याच्या बाजूला टॅक्सीच्या गॅरेजमध्ये. गिरणी बंद पडल्यावर वडिलांना बघायला म्हणून सोलापूरला परतले ते इथंच राहिले.

त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी काकांना म्हणाले, "मारा." रुंव-रुंव-रुंव. "बास." मग नाकानं वास घेतला, माझ्याकडं बघितलं (पेट्रोल कुणी उडवलं हे त्यांना कळलं होतं) आणि विचारलं,

"काल संध्याकाळपर्यंत चालत होती का?"

"होय की. काल भाजी आणायला गेलतो," काका म्हणाले.

"मग त्याच्यानंतर काय केलं गाडीला?"

"काही नाही," मी म्हणालो.

मंडळी, हे वाक्य मी स्वतः रोज ऐकतो. रात्री सर्व्हर पडला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, शेवटचा बदल काय केला? आणि समोरचा प्रत्येक वेळी म्हणतो, काही नाही. नंतर कळतं की एक छोटीशी गोष्ट बदलली होती, पण ती 'मोजण्यासारखी' नव्हती.

मिस्त्रींनी पक्कड घेतली. कॉइलमधून निघून डेल्कोच्या मधोमध जाणारी जाड वायर उपटली, टोक पकडीत धरून इंजिनाच्या लोखंडाजवळ नेलं. "मारा." टक्-टक्-टक्, निळी ठिणगी. (हे त्यांनी केलं, तुम्ही करू नका. विशेषतः नवीन गाडीवर अजिबात नको, झटकाही बसतो आणि इलेक्ट्रॉनिक्सही उडतं. आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं असेल तर कुठल्याच गाडीवर नको.) मग ती वायर परत बसवली आणि प्लगकडं जाणारी वायर तशीच धरली. "मारा." काहीच नाही.

"कॉइलपर्यंत करंट हाय. प्लगला न्हाई. मधी काय हाय?" त्यांनी मलाच विचारलं.

मधे डेल्को.

डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडच्या गॅरेजमध्ये 'डेल्को' म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय, मला वाटायचं देशी आहे. घरी आल्यावर शोधलं. डेल्को म्हणजे डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. मालकांपैकी एक, तोच तो चार्ल्स केटरिंग! सेल्फच्या आधी, १९१० च्या कॅडिलॅकसाठी, त्यानं बॅटरी, कॉइल आणि पॉइंट असलेली ठिणगीची नवी पद्धत दिली होती. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये जातात, पॉइंट उघडला की तो प्रवाह एकदम तुटतो आणि दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्ट तयार होतात. ते कुठल्या सिलिंडरला कधी द्यायचे, हे वाटपाचं काम डेल्कोच्या झाकणाखालचा फिरता रोटर करतो. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आसपास फिरत असेल, तरी सेकंदाला सहा-सात ठिणग्या. म्हणजे त्या सकाळी सोलापुरात एका अमेरिकन माणसाचे दोन शोध समोरासमोर होते. एक चालत होता, दुसरा नाही.

मिस्त्रींनी डेल्कोच्या दोन क्लिपा काढल्या आणि झाकण उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला बारीक बारीक थेंब. दव पडल्यासारखे.

"पाऊस न्हाई, काय न्हाई. पाणी कुठनं आलं?"

तेव्हा मला आठवलं. आदल्या रात्री नळाला पाणी आलं होतं. साखरपुड्याला गाडी चकाचक दिसावी म्हणून मी पाइप लावून धुतली होती. बॉनेट उघडून. आतूनसुद्धा.

सांगितलं. काकू हसल्या, काका हसले नाहीत.

मिस्त्री म्हणाले, मुंबईत जून-जुलैमध्ये रोजच्या दहा टॅक्सी याच कारणानं बंद पडून यायच्या. हजारो व्होल्टला ओलसर झाकणावरून पळून जायला वाट मिळते, मग प्लगपर्यंत कोण जाणार? तिकडं ड्रायव्हर पावसाळ्यात डेल्कोवर प्लॅस्टिक बांधायचे. सोलापुरात कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण इथं पाऊसच कुठं पडतो!

कोरड्या फडक्यानं झाकण आणि रोटर पुसला. मी काकूंचा केस वाळवायचा ड्रायर आणून दिला, तो दोन मिनिटं फिरवला. प्लग चारही काढून पुसून लावले. चोक आत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, म्हणजे जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जाईल. "मारा." रुंव-रुंव-रुंव-भ्रूम्.

साडेआठ वाजले होते.

आता पुढं

मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, म्हणाले पुसायचे काय पैसे. चहा पिताना मी विचारलं की नवीन गाड्यांचं काय. म्हणाले, ते पोरगा बघतो, त्याच्याकडं स्कॅनर आहे.

नवीन गाडीत डेल्कोही नाही आणि पॉइंटही नाही. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, ठिणगी कधी टाकायची हे कॉम्प्युटर ठरवायला लागला. त्याला शाफ्ट कुठं आहे हे सांगणारा एक सेन्सर असतो. तो गेला की सेल्फ मस्त मारतो पण ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. चावीतली चिप गाडीनं ओळखली नाही तरी बऱ्याच गाड्यांत तसंच. बिघाडाचे कोड गाडीनं स्वतः साठवायचे, ही सक्ती अमेरिकेत १९९६ ला पूर्ण रूपात आली. आपल्याकडं पहिला टप्पा एप्रिल २०१० ला, दुसरा एप्रिल २०१३ ला. स्कॅनर लावला की 'पी ०३३५' असं काहीतरी दिसतं. म्हणजे त्या शाफ्टच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड.

पण कोड फक्त जागा सांगतो. सेन्सर गेलाय, वायर उंदरानं कुरतडलीय की कुणी काल पाइपनं इंजिन धुतलंय, हे त्या पडद्यावर येत नाही. मिस्त्रींचा पोरगा पुष्कळदा बापाला फोन करतो म्हणे. कोड सांगतो आणि विचारतो, अब्बा, काय असेल? अब्बांना त्या गाडीतलं काही कळत नाही. ते एवढंच म्हणतात, गिऱ्हाईकाला विचार काल काय केलं.

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. इलेक्ट्रिक गाडीत तर रुंव-रुंव हा आवाजच नाही, 'सेल्फ' हा शब्दही काही वर्षांनी जाईल. जाऊ दे. वेटिंग लिस्ट गेली ते काय वाईट झालं? पण मिस्त्रींनी एकेक प्रश्न ज्या क्रमानं विचारला तो क्रम मात्र मी लिहून ठेवलाय. आधी ऐक. मग वास घे. शेवटचं काय बदललं ते विचार. मग मधोमध काप. ऑफिसच्या डेस्कवर चिकटवलाय, गेल्या महिन्यात दोनदा कामाला आला.

बार्शीला आम्ही सव्वादहाला पोचलो. परत येताना काका वाटेत एकदम म्हणाले, "सोमवारी आरटीओत जाऊन पासिंगचं विचारून येतो." काकू काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे हो.

आणि मला गाडी धुवायला कायमची बंदी आहे. असो.